हळद पावडर युनिट: अर्ज जिल्हा परिषदेत की कृषी कार्यालयात?

वसमतचा_शेतकरी:
राम राम मंडळी. वसमत तालुक्यात हळद पावडरचं युनिट टाकायचंय. अंदाजे खर्च १२ लाख: यंत्रं ८, शेड ३, वीज फिटिंग १. सातबारा वडिलांच्या नावावर आहे. अनुदान नेमकं कुठून मिळतं? ग्रामपंचायतीतून कोणते कागद काढून ठेवू?

प्रक्रिया_मार्गदर्शक:
दादा, ही दोन कार्यालयं वेगळी आणि त्यांच्या योजनाही वेगळ्या. जिल्हा परिषदेचा कृषी विभाग सेस फंडातून (परिषदेच्या स्वतःच्या निधीतून) फवारणी पंप, कडबाकुट्टी असल्या वस्तूंना अनुदान देतो. १२ लाखांचं युनिट त्यात बसत नाही. तुम्हाला पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजना लागू पडते. ती राज्याच्या कृषी विभागाकडे आहे. तालुका कृषी अधिकाऱ्यांना भेटा.

अनुदान ३५ टक्के, कमाल १० लाख. तुमचा हिशोब असा: स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे १.२० लाख. बाकी १०.८० लाख कर्ज. अनुदान ४.२० लाख. इथेच बरेच जण फसतात: हे पैसे हातात येत नाहीत. कर्ज वाटप झाल्यावर ते बँकेत तीन वर्षं बाजूला राहतात, तेवढ्या रकमेवर व्याज लागत नाही आणि खातं नियमित असेल तरच तीन वर्षांनी कर्जात वळते होतात. खातं थकीत गेलं की अनुदानही गेलं. म्हणून हप्त्याचं गणित अनुदान सोडून मांडा.

बांधकाम प्रकल्प खर्चाच्या ३० टक्क्यांपर्यंतच धरतात. तुमचं २५ टक्के आहे, चालेल. जागेची किंमत धरत नाहीत. आणि कर्ज मंजूर व्हायच्या आधी यंत्राला हात लावू नका, जुनं बिल बँक धरत नाही.

प्रकल्प अहवाल आणि ऑनलाइन अर्जासाठी जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते. तिचं मानधन शासन देतं. कुणी अहवालाचे पैसे मागितले तर देऊ नका, सरळ जिल्हा अधीक्षक कृषी अधिकाऱ्यांना कळवा.

ग्रामपंचायत_कामकाज:
कागदांचं सांगतो. ग्रामपंचायतीतून दोन: ना हरकत दाखला आणि शेडची आकारणी झाली असेल तर नमुना ८ चा उतारा. तलाठ्याकडचा ८अ हा जमिनीचा खाते उतारा, तो वेगळा. एकाच्या जागी दुसरा जोडला की फाइल परत येते. ना हरकत दाखल्यात गट नंबर आणि उद्योगाचं नाव स्पष्ट लिहून घ्या. नुसतं ‘व्यवसायास हरकत नाही’ यावर बँक अडते. वडिलांचं साधं संमतीपत्र बऱ्याच बँकांना पुरत नाही. कर्जाच्या मुदतीएवढा नोंदणीकृत भाडेकरार करून ठेवा.

वीज महत्त्वाची. कृषिपंपाच्या जोडणीवर चक्की अजिबात चालवू नका. वीज कायद्याच्या कलम १२६ खाली तो अनधिकृत वापर ठरतो आणि दुप्पट दराने आकारणी होते. महावितरणकडे थ्री फेज औद्योगिक जोडणीचा अर्ज आत्ताच टाका. रोहित्र लांब असलं तर खांब-तारांचा खर्च वाढतो आणि तुमच्या एका लाखात ते बसणार नाही. कोटेशन आलं की अहवालात तोच आकडा घाला.

मसाला_यंत्रं:
यंत्राचं कोटेशन जीएसटीसह आणि क्षमता लिहिलेलं घ्या, किलो प्रति तास. पल्व्हरायझर, म्हणजे दळण्याचं यंत्र, एकटा घेऊ नका. सोबत चाळणी, धूळ गोळा करणारी पिशवी आणि पॅकिंग मशीन हवं. दळताना पावडर तापली की हळदीतलं सुगंधी तेल उडतं, वास जातो. अखंड दळण टाळा, मध्ये थांबून पावडर गार होऊ द्या. दळणाआधी ओलावा मोजा: १० टक्क्यांच्या वर असेल तर जाळी चोंदते आणि पाकिटात गाठी होतात. एफएसएसएआय (अन्न सुरक्षेची) आणि उद्यम (लघुउद्योगाची) नोंदणी आधीच उरकून घ्या.

बचतगट_हिंगोली:
घरातल्या ताई उमेदच्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, बचत गटात आहेत का बघा. अन्नप्रक्रिया करणाऱ्या सदस्याला याच योजनेतून ४० हजारांपर्यंत बीज भांडवल मिळतं, खेळतं भांडवल आणि छोट्या अवजारांसाठी. ते गटाच्या संघामार्फत कर्ज म्हणून येतं, अर्ज पंचायत समितीतल्या उमेद कक्षात. कच्ची हळद हंगामात उचलायला कामाला येईल.