मदत हवी आहे : वडील गाझाला होते, पण कागदावर नोंदच नाही

नमस्कार मंडळी, कोरेगाव तालुक्यातून (जि. सातारा) लिहितोय.

आमचे आबा लष्करात एएससीत (आर्मी सर्व्हिस कोअर, म्हणजे रसद-वाहतुकीचं दल) ड्रायव्हर होते. मागल्या साली वारले. पेन्शनचे कागद शोधताना ट्रंकेत पासबुकांखाली एक ब्राँझचं पदक सापडलं. वाळूच्या रंगाची फीत, मधोमध निळा पट्टा. पुढे इंग्रजीत 'यूएनईएफ' (युनायटेड नेशन्स इमर्जन्सी फोर्स), मागे 'इन द सर्व्हिस ऑफ पीस'. म्हणजे १९५६ ते १९६७ या काळातली गाझा-सिनाईतली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना. आपल्या तुकडीत पायदळाबरोबर एएससीचेही लोक होते. आईला एवढंच आठवतंय की आबा 'बोटीनं गेलतो, नुसती वाळू' म्हणायचे. फार बोलणारे नव्हतेच.

डिस्चार्ज बुकात मात्र परदेशी सेवेचा रकाना कोरा. एका कार्यालयात विचारलं तर उत्तर, "कागदात नाही म्हणजे गेले नाहीत." मग पदक काय जत्रेत मिळालं?

बंगळूरच्या एएससी रेकॉर्ड्सला अर्ज करायचाय. आर्मी नंबर, हुद्दा आणि भरतीची तारीख आहे. सोबत आणखी काय जोडावं? अर्ज आईच्या नावानं करावा की माझ्या? माहिती अधिकारात कुणाला जुनं सर्व्हिस रेकॉर्ड मिळालंय का? न्यूयॉर्कच्या संयुक्त राष्ट्रांच्या दप्तरात जवानांची नावं सापडतात का?

अपशिंगे मिलिटरी या आपल्या जिल्ह्यातल्या फौजी गावाकडच्या कुणाचे वडील-आजोबा गाझाला गेले असतील तर जरूर सांगा, त्यांच्याकडचे ग्रुप फोटो बघायचेत. पैशाचा प्रश्न नाही, आईच्या हयातीत नोंद व्हावी एवढंच.