मदत हवी आहे: बॅले शिकणाऱ्या लेकीची उडी

आम्ही म्हापशाचे. लेक १२ वर्षांची, दोन वर्षं हौसेने बॅले शिकतेय. बोटाला खडू लावून भिंतीवर खूण करत तिची उभी उडी मोजतो. जूनमध्ये २४ सेंटिमीटर होती, आता २६. ही वाढ बॅलेची की नुसत्या वयाची?

प्लिएत, म्हणजे बॅलेत गुडघे वाकवून खाली जातात त्यात, पोटरी आणि टाचेवरची शीर ताणली जाते, लगेच उसळलं तर तोच ताण उडीला जोर देतो. आमची बाय मात्र खाली जाऊन रेंगाळते. तिथेच जोर विरत असावा. घरच्या लादीवर उड्या बंदच केल्यात, गुडघ्याखाली हाडाच्या उंचवट्यावर अधूनमधून दुखतं म्हणते. आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवू की दोरीउड्या, जोरबैठका चालतील? आठवड्यातून किती?