‘पुरस्कृत’ की ‘प्रायोजित’?

एका लेखाचं भाषांतर करतेय. मोठ्या कंपन्यांच्या पाठबळावर उभा राहिलेला खुला नकाशा-विदा (म्हणजे डेटा), असा विषय आहे. मी ‘कंपनीपुरस्कृत’ लिहिलं, संपादकांनी खोडून ‘प्रायोजित’ केलं. शिवाय ‘ओपन’ला खुला म्हणू की मुक्त?

प्रतिसाद १
संपादकांचं बरोबर आहे. ‘पुरस्कृत’ वाचून कंपनीनं बक्षीस दिलंय असं वाटतं.

प्रतिसाद २
मला नाही पटत. प्रायोजक म्हणजे मंडळाच्या कमानीवर जाहिरात लावणारा. मूर्ती कुठली आणायची हे काही तो ठरवत नाही. असा नकाशा-विदा तयार करणारं ओव्हर्चर मॅप्स फाउंडेशन डिसेंबर २०२२मध्ये स्थापलंच मुळी ॲमेझॉन वेब सर्व्हिसेस, मेटा, मायक्रोसॉफ्ट आणि नकाशे बनवणारी टॉमटॉम यांनी. छत्र लिनक्स फाउंडेशन या ना-नफा संस्थेचं, पण कार्यकारिणीत या कंपन्या आहेतच. आपल्याकडे निवडणुकीत ‘पक्षपुरस्कृत अपक्ष’ असतो ना, अगदी तसं. पुरस्कृतच ठेवा.

आता खुला/मुक्त. खुलं मैदान, खुली जागा: कुणीही या, पण कुंपण आणि किल्ली कुणाची तरी असते. मुक्त विद्यापीठातला, विकिपीडियाच्या ‘मुक्त ज्ञानकोशा’तला ‘मुक्त’ जास्त पुढे जातो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४पासून लोकांनी भरलेला जगाचा नकाशा या अर्थानं मुक्त. त्याच्या परवान्याची अट अशी की त्यातून नवा विदासंच करून वाटलात, तर तोही त्याच अटींवर वाटायचा. ओव्हर्चरमधले रस्ते आणि इमारती बऱ्याच अंशी तिथूनच येत असल्यानं त्या भागांना हा परवाना चिकटतोच. दुकानं-हॉटेलांच्या यादीचं निराळं. ती प्रामुख्यानं कंपन्यांकडून आलेली, तिचा परवाना सैल. म्हणजे एकाच पिशवीत खुला आणि मुक्त दोन्ही! सरसकट एक शब्द वापरलात तर फसाल.

मूळ प्रश्नकर्ती
पण मग लोकांच्या कामाचं काय राहिलं? इमारती आता यंत्रच ओळखतं म्हणे.

प्रतिसाद २
उपग्रहचित्रांवरून छपरं ओळखतं. सदाशिव पेठेतल्या एका वाड्याची अशी यंत्रानं काढलेली आकृती पाहिली. तीन बिऱ्हाडं आणि मधला चौक मिळून एकच चौकोन! चौकात हौद आहे, पलीकडच्या गल्लीत निघणारा बोळ आहे. मी दोन रविवार फिरून ते सगळं ओपनस्ट्रीटमॅपवर भरलं. ‘जिलब्या मारुती’ हे नावही उपग्रहाला दिसत नाही, कुणीतरी सांगावं लागतं. ओव्हर्चरमध्ये परस्पर दुरुस्ती करायची सोय नाही. इमारतीची किंवा रस्त्याची चूक ओपनस्ट्रीटमॅपवर सुधारायची, मग ती पुढच्या आवृत्तीत तिकडे झिरपते. आणि ओपनस्ट्रीटमॅपवर आणि यंत्राच्या यादीत तीच इमारत असली तर माणसानं काढलेली धरतात, यंत्राची मागे पडते. लोकांच्या या कामाला मी ‘वर्गणी’ म्हणतो. ‘सामुदायिक योगदान’ नको, शपथपत्रातलं वाटतं.

प्रतिसाद १
वर्गणी मान्य. पुरस्कृतही, नाइलाजानं.

प्रतिसाद ३
ते ठरलं असेल तर एक विचारतो. ‘विदा’ तो, ती की ते? आणि मला एकट्यालाच तो शब्द वाचून आधी बिदाई आठवते का?