तलवारीच्या मुठीवरची सोन्याची तार सुटतेय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जाणकारांनी जरा बघा.

आमच्या घरी पणजोबांच्या वेळेपासूनची तलवार आहे. खंडेनवमीला पूजेला काढायची, मग परत कापडात गुंडाळून कपाटात. यंदा काढली तर परजेवर (मुठीपुढे बोटांचं रक्षण करणारा भाग) आणि मुठीच्या गोल चकतीवर गंजाचे ठिपके, आणि वेलबुट्टीतल्या एका पानाची सोन्याची तार सुटून वर आलेली. इतकी वर्षं हळदकुंकू, ओली फुलं वाहिली आणि न पुसता तशीच गुंडाळली, त्यानेच झालं असणार, फार वाईट वाटतंय.

जिथलं सोनं गेलंय तिथे भिंगातून बघितलं तर पोलादावर बारीक आडव्याउभ्या रेघांची जाळी दिसते, म्हणजे कोफ्तगरीच ना ही? कोफ्तगरीत आधी पोलादावर अशा रेघा ओढून खरखरीत करतात, त्यावर सोन्याची बारीक तार ठोकून बसवतात आणि मग घोटतात. तहनिशान, म्हणजे चर खोदून त्यात सोनं भरलेलं, असतं तर खोल चर दिसला असता आणि नुसता मुलामा असता तर तार सुटलीच नसती. २०२५ मध्ये रघुजी भोसल्यांची तलवार लंडनच्या लिलावातून राज्य सरकारने आणली, तिच्यावरचं देवनागरीतलं सोन्याचं नाव फोटोत बघितल्यापासून मी हे सगळं वाचत सुटलोय.

आता अडचण अशी की एक पॉलिशवाला म्हणाला बफ मारून नवीकोरी करून देतो. मी नको म्हटलं, कारण सोन्याचा थर इतका पातळ की गंजाबरोबर तोही जाईल, आणि पातं तिरकं धरलं की पाण्यासारख्या लहरी दिसतात, तो जौहर, म्हणजे पोलादाचीच अंगची नक्षी, असेल तर तोही घासून दिसेनासा होईल. गरम पाण्याचीही भीती वाटते कारण जुन्या तलवारींत पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं, लाख वितळली तर मूठच ढिली व्हायची.

मग गंज काढायचा कसा? थेंबभर तेल लावून बांबूच्या काडीने हळूहळू खरवडलं तर चालेल का, की सोन्याच्या कडेला हातच लावू नये? सुटलेली तार घरी दाबून बसवावी की तशीच राहू द्यावी? उदयपूरला कोफ्तगरीचे कारागीर अजून आहेत, पण ते नवीन सोनं चढवतील आणि मला पणजोबांच्या वेळचं आहे तेच टिकवायचंय. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात कुणी घरची वस्तू दाखवलीय का? अनुभव असेल तर प्लीज सांगा, तोवर कोरड्या सुती कापडात वेगळी ठेवलीय.