खुलताबादला मलिक अंबरची कबर: मुलांना गुलामगिरीविषयी काय सांगावे?

दक्षिण कसबा (प्रश्न):
आमच्या शाळेची नववीची सहल डिसेंबरमध्ये सोलापूरहून वेरूळला जाणार आहे. वेरूळच्या अलीकडे खुलताबादला भद्रा मारुतीचे दर्शन दरवर्षी होतेच. यंदा तेथील मलिक अंबरची कबरही दाखवावी, असे मी सुचवले आणि मुख्याध्यापकांनी होकार दिला. अडचण अशी की, ‘हबशी गुलाम निजामशाहीचा वजीर झाला’ एवढेच सांगितले तर मुले टाळ्या वाजवतात आणि गुलामगिरी ही जणू बढतीची वाट होती, असा समज घेऊन घरी जातात. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

भुईकोट:
सुरुवात आपल्या किल्ल्यापासूनच करावी. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांचा पराभव केल्यानंतरच्या मोहिमेत अंबरने सोलापूरचा किल्ला घेतला होता, हे मुलांना ठाऊक नसते. मग मागे जावे. साधारण १५४८ मध्ये इथिओपियात जन्मलेला चापू नावाचा मुलगा लहानपणीच विकला गेला, अरबस्तान आणि बगदाद अशा वाटेने एका मालकाकडून दुसऱ्याकडे गेला आणि अखेर दख्खनमध्ये निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. हा चंगेजखानही एके काळी गुलामच होता. ‘अंबर’ हे नावदेखील मालकाने ठेवलेले. सुलतान असे हबशी मुद्दाम विकत घेत, कारण त्यांना येथे ना भाऊबंद होते ना वतन, त्यामुळे त्यांची सारी निष्ठा धन्याच्या पायाशी राही. चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबरला मुक्त केले. वजिरी मिळाली ती त्यानंतर कितीतरी वर्षांनी, हा क्रम फळ्यावर लिहूनच सांगावा.

सात रस्ता:
वरील उत्तर योग्य आहे, पण त्यातही एकाच कर्तबगार पुरुषाची कथा राहते. ज्या जहाजांतून अंबर आला, त्यांतून आलेल्या इतरांची कबर कोठे आहे, हा प्रश्न त्या घुमटाखाली उभे राहूनच मुलांना विचारावा. शिवाय गुलाम म्हणजे समुद्रापलीकडून आलेला परका माणूस, असेही मनात ठसू देऊ नये. पेशवाईच्या दप्तरात कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या किमतीसकट नोंदी आहेत. दळणकांडणापासून गोठ्यापर्यंतची कामे करणाऱ्या या बायका मराठी मुलखातल्याच होत्या. गुलामगिरीची कायदेशीर मान्यता कंपनी सरकारने काढून घेतली ती १८४३ मध्ये. हे सांगितल्यावर एखाद्या पालकाचा तक्रारीचा फोन येईल. तो शांतपणे घ्यावा.

दक्षिण कसबा:
दोघांचेही आभार. कुणबिणींचा विषय नववीला पेलेल का, अशी शंका मला आहे. तरी सहलीच्या आधीच्या तासाला तो घेईन, म्हणजे बसमध्ये घाईघाईने उरकावा लागणार नाही.

भुईकोट:
पेलेल. आणखी एक सुचवतो: जवळच अंबरची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे, तीही दाखवावी. वेळ उरल्यास छत्रपती संभाजीनगरात नहर-ए-अंबरी ही भुयारी पाणीयोजना पाहावी, कारण १६१० मध्ये खडकी, म्हणजे हेच शहर, वसवताना अंबरने खापरी नळांतून आणलेले पाणी पाहून चार-चार दिवस नळाची वाट पाहणारी आपली मुले खरोखर थक्क होतात. तेथेही ते भुयार कोणाच्या हातांनी खोदले, हे विचारायला विसरू नये. शनिवार मात्र टाळावा. भद्रा मारुतीला त्या दिवशी एवढी गर्दी असते की बस लावण्यातच तास जातो.