पाड्याच्या डोक्यावर सलग समतल चर खणावेत का?

डोंगरपायथा:
नमस्कार मंडळी. मी त्र्यंबकेश्वर तालुक्यात, हरसूलच्या बाजूला राहतो. आमचा पाडा ३४ घरांचा. भात-नागलीची शेती आणि घरांच्या पाठीला लागूनच डोंगर. खाली साग-ऐनाचं जंगल, त्याच्या वर कारवी, मग उघडा कडा.

यंदा रोजगार हमीतून या डोंगरावर सलग समतल चर, म्हणजे उताराला आडवे एकाच पातळीतले लांब खड्डे, घ्यायचं चाललंय. हाताला काम मिळेल, विहिरीला पाणी टिकेल, म्हणून सगळे खूश आहेत. मीही होतो. पण गेल्या श्रावणात गुरं घेऊन वर गेलो तेव्हा कारवीच्या खालच्या अंगाला जमिनीत भेग दिसली. पंजा आडवा आत जाईल एवढी रुंद, चाळीस-पन्नास पावलं लांब. सरळ नाही, चंद्रकोरीसारखी, दोन्ही टोकं पाड्याकडे वळलेली. खालच्या बाजूची जमीन वीतभर खचलीय. आजोबा म्हणतात उन्हाने तडकली असेल, पण श्रावणात कसलं ऊन? जवळचे दोन ऐन बुंध्याशी वाकून वर पुन्हा सरळ वाढलेत. दोन वर्षांपूर्वी रस्ता रुंद करताना डोंगराचा पाय दोन पुरुष उभा कापला आणि भिंत बांधलीच नाही. तेव्हापासून पाऊस लागला की शेवटच्या घरात चुलीमागे उपळ फुटतो, जमिनीतूनच पाणी वर येतं.

चर नेमके भेगेच्या वर येणार आहेत. खणावेत का? झाडं लावली तर उतार धरेल का? ते शेवटचं घर माझ्या भावाचं आहे, त्यात दोन लहान पोरं झोपतात.

बांधबंदिस्ती:
दादा, त्या उतारावर एकही चर घेऊ देऊ नका. मी ३१ वर्षं मृदसंधारणाचं काम केलं. सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण, चारही तालुक्यांत चर आखले. चरावर माझा जीव आहे, म्हणूनच सांगतो.

चर पळतं पाणी अडवतो आणि जमिनीत मुरवतो. ६० सेंमी रुंद, ३० सेंमी खोल. हलक्या उताराच्या माळावर याच्याइतकं स्वस्त आणि चांगलं काम दुसरं नाही. पण ३३ टक्क्यांच्या पुढच्या उतारावर ते घ्यायचे नसतात. तुमचा उतार मोजून बघा. ३ मीटरचा सरळ बांबू घ्या, त्याला अर्धी भरलेली पाण्याची बाटली आडवी बांधा. एक टोक जमिनीला टेकवून दुसरं उताराकडे हवेत धरा, बाटलीतलं पाणी समपातळीत येईपर्यंत वर-खाली करा. मग हवेतल्या टोकापासून खाली जमिनीपर्यंत मोजा. १ मीटरच्या वर भरलं तर चराचा विषय तिथेच संपला.

आता डोंगराच्या पोटात काय आहे ते सांगतो. आपला सह्याद्री म्हणजे लाव्ह्याचे थर एकावर एक. काही थर घट्ट काळा पाषाण, काही सच्छिद्र, कुजून मुरूम झालेले. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या चिकण मातीचा पट्टा असतो. रस्त्यासाठी कापलेल्या भागात विटेच्या रंगाची रेघ दिसते का, बघून या. वरून मुरलेलं पाणी त्या पट्ट्याशी अडतं आणि त्याच्यावरून आडवं चालायला लागतं. चुलीमागचा उपळ हेच पाणी असणार. मातीत पाणी तुंबलं की कणाकणांची पकड सुटते. त्यात खालचा पाय कापलेला, म्हणजे टेकू काढलेला. अशा जागी वरून आणखी पाणी मुरवायचं म्हणजे संकट हाताने ओढवून घेणं आहे.

पाणी बाहेर काढा. पाऊस सुरू व्हायच्या आधी भेगेत चिकण माती भरून धुमसाने ठोका, वर मेणकापड घाला. भेगेच्या दहा-पंधरा पावलं वर पाणी वळवायचा एकच चर काढा, १०० फुटाला फूटभर उतार देऊन, तळाला चिकण मातीवर दगड बसवून, आणि तो पाषाणाच्या नाळेत, म्हणजे दगडी घळीत सोडा. यात पाणी थांबता कामा नये. दरवर्षी आगोटीला, पावसाच्या तोंडावर, तो साफ करायचा. एका पावसाळ्यात पालापाचोळ्याने तुंबला तर तो मुरवणारा चरच होतो. रस्त्याच्या कापाला जाळीत दगड भरून भिंत घालून मागा, तिच्यातून पाणी आरपार निघतं. पायथ्याची एक पाटीही माती काढू देऊ नका, घरासाठीसुद्धा नाही.

आणि भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खुंटी ठोका. रोज सकाळी एकाच माणसाने अंतर मोजून वहीत लिहायचं.

रानवाट:
झाडांचं मी सांगते, कळवणच्या रानात बरीच वर्षं काढलीत. झाडं लावाच, पण आज लावलेलं रोप या पावसाळ्यात काही धरणार नाही. मुळं वरचा थर बांधतात, धूप थांबवतात. सरकण्याची जागा मुळांच्या खाली असेल तर जंगलासकट उतार येतो. दरडीखाली गेलेल्या इर्शाळवाडीच्या वरही रानच होतं.

आहे ते तोडू नका, हे त्याहून मोठं. झाड तोडल्यावर मुळं लगेच मरत नाहीत, पुढची काही वर्षं कुजत जातात, आणि उतार कमजोर होतो तो तेव्हा. भेगेजवळ जुने बुंधे आहेत का? वणवाही तसाच. फेब्रुवारी-मार्चमध्ये गवत जळालं की जूनचा पहिला पाऊस उघड्या मातीवर पडतो. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते, बी टाकते आणि सगळी एकदम वाळते. त्या वर्षी कुडासाठी सरसकट तोडायची नाही आणि आग अजिबात लागू द्यायची नाही, खाली नवी रोपं उगवत असतात. काठाकाठाने वाळा लावा, त्याची मुळं सरळ खोल जातात.

तुमच्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला असेल तर पाणलोट जपायचा अधिकार ग्रामसभेला आहे, वनहक्क कायद्याचं कलम ५. चर कुठे नकोत याचा ठराव लेखी करा.

डोंगरपायथा:
काका, ताई, आज आम्ही पाड्यातले दोघं वर जाऊन आलो. ३ मीटरला १ मीटर ७० सेंमी भरलं. रस्त्याच्या कापात तांबडा पट्टा आहे, दोन बोटं जाड, नखाने उकरला तर साबणासारखा निघतो. भेगेच्या वर सहा बुंधे आहेत. एकावर पाय दिला तर आत गेला. खुंट्या ठोकल्या, अंतर ६१ सेंमी. पावसाळ्यात घरं सोडायची वेळ कशी ओळखायची?

बांधबंदिस्ती:
सरळ कडांचा डबा उघड्यावर ठेवा आणि पट्टीने मोजा. २४ तासांत ६४.५ मिमीच्या वर पडला तर हवामान खातं त्याला मुसळधार म्हणतं, ११५.६ पासून अति मुसळधार. पण तुमच्याकडे आकड्याची वाट बघायची नाही. दोन-तीन दिवस झड लागून जमीन भिजलेली असेल आणि वर मुसळधार सुरू झाला, तर शेवटच्या आठ-दहा घरांनी अंधार पडायच्या आत निघायचं. माळीणवर ३० जुलै २०१४ ला सकाळी दरड आली, इर्शाळवाडीवर १९ जुलै २०२३ ला रात्री. इर्शाळवाडी तर दरडप्रवण गावांच्या यादीतही नव्हती.

उपळाचं पाणी गढूळ झालं, किंवा भर पावसात ओहोळ अचानक आटला, दारं चौकटीत अडकायला लागली, खुंट्यांचं अंतर एका दिवसात बोटभर वाढलं, यातलं एक दिसलं तरी तासभरही थांबू नका. १०७७ ला फोन करा, पण निघाल्यावर. आणि जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आपत्ती कक्षाला आताच भेगेच्या फोटोंसह लेखी अर्ज द्या, भूवैज्ञानिकांची पाहणी मागा, पोच घ्या.

डोंगरपायथा:
अर्ज दिला, पोच घेतली. ग्रामसभेत दोन तास वाद झाला. कामाचे दिवस बुडतील म्हणून बायका चिडल्या होत्या, त्यांचंही खरं आहे. शेवटी चर ओढ्यापलीकडच्या माळावर घ्यायचे ठरले, दिवस तेवढेच. शाळा त्याच माळावर आहे. गुरुजींनी एक किल्ली भावाकडे दिली.

एकच अडलंय. नाळेत पाणी सोडलं तर ते खालच्या पाड्याच्या भातखाचरांवर उतरतं. ते लोक नाही म्हणतात.

बांधबंदिस्ती:
त्यांचं बरोबर आहे. नाळ त्यांच्या खाचरांच्या आधी ओढ्याकडे वळवता येते का, ते जागेवर बघावं लागेल. रविवारी पहिल्या गाडीने नाशिकहून येतो. खालच्या पाड्यातले दोन जण सोबत घ्या.

डोंगरपायथा:
त्र्यंबकला उतरा काका. मोटारसायकल घेऊन स्टँडवर थांबतो.