इलिशला काळा मसाला चालेल का?

होटगीरोडकर: शेजारच्या बंगाली वहिनींनी कोलकात्याहून बर्फात घालून इलिशचे चार तुकडे आणलेत. आमच्याकडं मासा म्हणजे उजनीचा चिलापी नाहीतर मरळ. लसूण, काळा मसाला, कडक भाकरी, झालं. तसंच करू का? यांचं कोलेस्टेरॉल वाढलंय, इतका तेलकट मासा चालेल?

उजनीकाठ: काळा मसाला घातलात तर वहिनी बोलणं टाकतील! सहा वर्षं नोकरीला तिकडं होतो. मोहरी भिजवून हिरवी मिरची नि मीठ घालूनच वाटा, नुसती वाटली तर कडू होते. हळद, वरून कच्चं मोहरीचं तेल, स्टीलच्या डब्यात पंधरा मिनिटं वाफ. कांदा-लसूण अजिबात नको. तळलात तर कढईतलं तेल फेकू नका, तिकडं तेच गरम भातावर ओततात.

डब्बेवाली: हा समुद्रातला मासा, अंडी घालायला नदीत चढतो. त्या प्रवासासाठीच अंगात चरबी साठवतो. 100 ग्रॅममागं चरबी 20 ग्रॅमच्या आसपास जाते, पण त्यात ओमेगा-3 भरपूर. वाफवलेला एखादा तुकडा द्या, तळलेला नको. तरी डॉक्टरांना विचाराच.

होटगीरोडकर: केला. वास असा की खालच्या मजल्यावरून विचारणा आली. पण काटे! केसासारखे, तेही दुतोंडी. हे भाकरीत घास गुंडाळून खायला गेले आणि अर्धा तास खोकत बसले. शेवटी भात लावला.